कोठीवान बाईंचं अर्धं तिकीट

चारुशीला कोठीवान यांनी जन्मात कुणाला फुकटचा एक रुपया दिला नाही, आणि ही गोष्ट त्या लपवत नसत, उलट मान ताठ करून सांगत. यावरून त्यांना चिक्कू ठरवाल तर साफ फसाल. रस्त्यात कुणी काही करून दाखवलं की बाईंचा हात असा सुटायचा की सोबतच्या माणसाने अवघडून जावं. आधी काहीतरी करून दाखवायचं, एवढीच त्यांची अट होती.

एकतीस वर्षं त्या नंदनवन वस्तीतल्या घरून खापरखेड्याला नोकरीला गेल्या. तिथल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळायच्या. जाणं-येणं बसने, मोरभवनच्या स्टँडवरून. एवढ्या वर्षांत त्या बसमध्ये काय काय चढलं नाही? एकतारीवाला चढला, फरशीचे दोन तुकडे बोटांत धरून ताल देणारी पोरगी चढली, आवाजाच्या नकला करणारा एक महाभाग चढला, ज्याची म्हैस हुबेहूब होती आणि बाकी सगळे प्राणी म्हशीसारखेच वाटत. बाई प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकायच्या. मध्येच पैसे हातावर ठेवून गाणाऱ्याला पुढे ढकलणं त्यांना अपमानाचं वाटे. गाणं संपलं की पर्स उघडायची, भरभरून द्यायचं आणि वर "अंतरा आज घाईत उरकलात" असा शेराही मारायचा. गाणारे त्यांना वचकून असत, पण त्यांच्या सीटपाशी आले की जरा जास्तच जीव लावून गात.

रिकाम्या हाताला मात्र एकच प्रश्न असायचा. "काय येतं तुम्हाला?" भिकाऱ्याला अहो-जाहो करणारी दुसरी बाई त्या स्टँडवर नसेल, पण त्या अहो-जाहोने कुणाचं पोट भरत नव्हतं. आणि सगळ्यात जास्त राग यायचा तो इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसांचा, जे जवळ येऊन हळूच म्हणतात, पाकीट मारलं गेलं हो, गावाला जायचं आहे, तिकिटापुरते द्या. त्यांना बाई प्रश्नसुद्धा विचारत नसत. चष्म्याच्या वरून एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघायच्या आणि मग थेट दुसरीकडे. समोरचा आपसूक दोन पावलं मागे सरकायचा.

हेमराज मात्र या सगळ्याला पुरून उरला. खापरखेड्याच्या बस लागतात तिथल्या खांबाला टेकून तो बावीस वर्षं बसला होता. डावा पाय गुडघ्यात आखडलेला, पुढ्यात ॲल्युमिनियमचा वाडगा. बाई आल्या की तो हात पुढे करी.

"द्या बाई."

"काय येतं तुम्हाला?"

"मागता येते."

बाई हुं करून बसमध्ये चढायच्या. रोजचे प्रवासी या संवादाची वाट बघत. चार वर्षांपूर्वी बाई रिटायर झाल्या, येणं कमी झालं, पण कधी आल्याच तर दोघंही कालच भेटल्यासारखे तिथूनच सुरू करत. दोघांपैकी एकालाही माघार घ्यायची नव्हती.

आता तुळजाबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी घडलं. तुळजाबाई त्या कार्यालयात शिपाई होत्या. उमरेडच्या विणकराच्या घरातल्या, कामाला वाघ आणि बोलायला फटकळ. एकदा भुलाबाईच्या दिवसांत बाईंनी त्यांच्यापुढे आपल्या लहानपणची शेखी मिरवली. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महाल भागातल्या पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत हिंडायच्या. गाणी संपली की घरची बाई बंद डबा पुढे करायची. आतला खाऊ ओळखला तरच मिळायचा. बाकीच्या पोरी लाडू, करंजी, चिवडा अशी नावं धडाधडा फेकत. चारू डबा कानाशी धरायची, एकदाच हलवायची आणि सांगून मोकळी व्हायची. गल्लीतल्या बायकांनी तिला हरवायला डब्यात फडकी कोंबली, पण चारू काही हरली नाही.

"असं?" तुळजाबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दीडच्या सुट्टीत आपला डबा त्यांनी बाईंच्या टेबलावर आणून ठेवला. "सांगा बरं."

त्या दिवसापासून एकोणीस वर्षं हा खेळ चालला. ओळखलं तर अर्धा डबा बाईंचा. नाही ओळखलं तर बाई मुकाट्याने आपली पोळी-भाजी खायच्या, तुळजाबाईंनी कितीही आग्रह केला तरी त्यातल्या कशाला बोट लावत नसत.

"एक घास घेतला तर का होते वं बाई?"

"ओळखलं नाही ना. मग कशाचा घेऊ?"

तुळजाबाई तोंड वाकडं करत. दुपारभर मग चहा जरा फिका यायचा.

याच तुळजाबाई तीस सप्टेंबरला निवृत्त होणार होत्या. त्या कार्यालयात साहेब निवृत्त झाले की भाषणं, फोटो, जेवणावळ. शिपाई निवृत्त झाला की नारळ, शाल आणि "सेवाभावी होत्या" एवढं एक वाक्य. पाच मिनिटांत माणूस गेटबाहेर. बाईंना हे एकतीस वर्षं खुपत होतं. स्वतःच्या निरोपाच्या दिवशीच त्यांनी तुळजाबाईंना शब्द दिला होता, "तुमच्या दिवशी मानपत्र होईल आणि ते मी वाचीन." चार पानांचं मानपत्र त्यांनी हाताने लिहिलं, दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा मनासारखं जमलं. कार्यक्रम बाराचा होता.

तीस तारखेला, सोमवारी सकाळी शेजारच्या स्वानंदने त्यांना स्कूटरवर स्टँडला सोडलं. निघेपर्यंत बाई मानपत्रातली एक ओळ सुधारत होत्या. कागद पिशवीत नीट गेले. पर्स आणि मोबाइल चपलांच्या रॅकवर तसेच राहिले. स्कूटरला पैसे लागत नाहीत, त्यामुळे हे कळायला स्टँड यावं लागलं. बायकांना अर्धं तिकीट, त्याचे सुट्टे आधीच काढून ठेवावेत म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला आणि हाताला कागदांशिवाय काही लागेना.

बस समोर उभी होती, सुटायला पंचवीस मिनिटं होती. पुढची बस दीड तासाने. ऑटो करून घरी जाऊन यावं तर तोवर ही बस कोराडीच्या पुढे गेलेली असणार. बाईंनी पिशवी तीनदा चाचपली. मग आजूबाजूला पाहिलं. बाकड्यावर जांभळ्या साडीतल्या, चांगल्या घरच्या दिसणाऱ्या एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. कोठीवान बाई त्यांच्याजवळ गेल्या.

"अहो, ऐकता का, माझी पर्स घरी राहिली. खापरखेड्याला जायचं आहे. तिकिटापुरते..."

वाक्य तिथेच थांबलं. आपण काय बोलतो आहोत ते बाईंच्या स्वतःच्याच कानांनी ऐकलं. जांभळ्या साडीने चष्म्याच्या वरून त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मग थेट दुसरीकडे. ही नजर बाईंच्या चांगली ओळखीची होती. फक्त आजवर ती कधी त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

कानशिलं तापली होती. पाणी प्यायचं म्हणून त्या खांबाजवळच्या नळापर्यंत गेल्या आणि पाणी प्यायचं विसरल्या. हेमराज सगळं बघत होता.

"पर्स भुलल्या का घरी?"

बाईंनी पिशवी चौथ्यांदा चाचपली.

हेमराजने वाडग्यातले पैसे ओंजळीत घेतले आणि ओंजळ वर केली. "घ्या."

"नको."

"काहून? माह्ये पैसे खोटे हायेत का?"

"फुकटचे नको."

"मंग उसने घ्या. वापस आल्या का द्या."

"बावीस वर्षांत तुम्हाला एक रुपया दिला नाही मी," बाई म्हणाल्या. "आता कोणत्या तोंडाने घेऊ?"

हेमराजने ओंजळ खाली केली. मग त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की बावीस वर्षं तो याच घडीसाठी त्या खांबाला टेकून होता असं वाटावं.

"मंग काई तरी करा नं, बाई," तो म्हणाला. "काय येते तुमाले?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. काय येतं आपल्याला? आलेलं पत्र पाकिटावरून ओळखून बरोबर टेबलावर पाठवता येतं. वीस वर्षांपूर्वीचा कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे ते सांगता येतं. शिक्का कधी तिरका पडला नाही. यातलं स्टँडवर काय करून दाखवणार? एकतीस वर्षांची नोकरी, आणि दाखवायला हातात काही नाही. हा प्रश्न किती वाईट आहे ते बाईंना त्या दिवशी कळलं, आणि आपण तो किती जणांना विचारला हे आठवून त्यांना लाज वाटली.

"मलेही येते तसं," हेमराज सहज बोलल्यासारखं म्हणाला. "लुगडं विणता येते. नऊवारी, काठापदराचं. पण माग कुठून आणू इथं?"

"कधी बोलला नाहीत."

"तुमी पुढचं इचारलंच नाई."

तेवढ्यात बाजूच्या बाकड्यावर कॉलेजच्या एका पोरीने, तिच्या बॅगेवर काजल असं नाव होतं, आपला डबा आपटून ठेवला. आत काहीतरी हलकेच भस्सकन सरकलं.

"चिवडा," बाई म्हणाल्या. मान वळवलीही नव्हती. एकोणीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. "पातळ पोह्यांचा. दाणे आहेत, खोबरं नाही."

काजलने त्यांच्याकडे पाहिलं, डबा उघडला, बोटाने ढवळला. "काकू, तुम्हाले कसं कळलं?"

हेमराजला एवढंच पुरे होतं. त्याने वाडग्यातले आपले पैसे आधी खिशात ओतले. "माह्यं-तुमचं एक नको व्हायले," म्हणाला. मग रिकामा वाडगा बाईंच्या पायाशी ठेवला आणि बावीस वर्षं इंजिनांच्या घरघरीवर मात करून कमावलेला आवाज त्याने त्या दिवशी पुरता मोकळा सोडला.

"या जी, या. बंद डबा आना. बाई कानानं सांगते आतमंधी काय हाय. बरोबर निघालं त पैसे, नाई निघालं त फुकट."

निवृत्त वरिष्ठ लिपिक, कोठीवानांची सून, मोरभवनवर खेळ करणार. पण हातातल्या पिशवीत चार पानं होती आणि घड्याळ पळत होतं. त्यांनी मानपत्राची पिशवी हेमराजच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि काजलने बॅगेतून काढलेला दुसरा डबा उचलला.

स्टँडवर वाट बघणाऱ्या माणसाला काहीतरी बघायला मिळालं की तो सोडत नाही. चारजण आले, मग दहा. एका बुवांचा पितळी डबा बाईंनी कानाशी धरून एकदा डावीकडे कलता केला. आतलं काहीतरी जड, गोल, लोळत एका बाजूला आलं. "गोळाभात. गोळे पाच आहेत. आणि वरून घालायला तेल आणलेलं नाही तुम्ही, कोरडा लागेल." बुवांनी झाकण काढलं, गोळे मोजले, आणि तेलाचं ऐकून घरच्यांवर चिडले. पैसे मात्र त्यांनी वाकून वाडग्यात ठेवले. मग साबुदाण्याची उसळ आली, मग संत्र्याच्या फोडी आल्या. बुटीबोरीच्या कारखान्यात जाणारा एक पोरगेलासा कामगार आपला डबा घेऊन आला. बाईंनी हलवला. "फुटाणे."

आत नट-बोल्ट होते. लोक खदखदून हसले. कामगार तरी पैसे टाकायला वाकला, तर बाईंनी वाडगा पायाने मागे ओढला.

"चुकले मी. तुमचे घेता येणार नाहीत."

तिथून खरा रंग भरला. चुकलेल्याचे पैसे न घेणारा खेळ स्टँडवर कुणी पाहिला नव्हता. हेमराज तर आता दरेक डब्याला नवी आरोळी ठोकत होता, आणि बाईंनाही, खोटं कशाला बोला, मजा येऊ लागली होती. महालातल्या त्या गल्लीत फ्रॉक घालून उभं असल्यासारखं त्यांना वाटत होतं.

ड्रायव्हर बसमध्ये चढला तेव्हा जांभळी साडी उठली. गर्दी बाजूला झाली. त्यांनी पिशवीतून स्टीलचा चपटा डबा काढून बाईंच्या हातात दिला.

बाईंनी डबा कानाशी धरला. हलवला. काही आवाज नाही. पुन्हा हलवला. काहीच नाही. रिकामा म्हणावा तर वजन होतं. इंजिन सुरू झालं. हेमराज खांब सोडून पुढे सरकला.

आवाज नाही म्हणजे फडकं, हे बाईंना सात वर्षांच्या असताना ठाऊक होतं. पण फडक्यात काय? त्यांनी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोट किंचित तुळतुळीत झालं. मग त्यांनी जांभळ्या साडीकडे पाहिलं. पितृपक्ष चालू होता. तळलेलं काही फडक्यात गुंडाळून, मांडीवरून खाली न ठेवता ही बाई सकाळच्या पारी बसने निघाली होती.

"उडदाचे वडे," बाई म्हणाल्या. "काल तुमच्याकडे पित्र होतं. हे कुणाला तरी नेऊन देता आहात, जे काल येऊ शकले नाहीत."

जांभळ्या साडीने डबा परत घेतला. उघडला नाही. "बहीण आहे माझी खापरखेड्याला," त्या म्हणाल्या. "पडून असते." मग वाकून त्यांनी वाडग्यात नोट ठेवली आणि बाईंकडे पाहिलं, या वेळी चष्म्यातून, सरळ.

टाळ्या पडल्या. हेमराज खांबावर वाडग्याने ठणाठणा वाजवायच्या बेतात होता, पण वाडगा भरलेला होता. बाईंनी त्यातून जायच्या-यायच्या तिकिटाचे पैसे घेतले. बाकी वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"ही तुमची मजुरी. आवाज तुम्ही दिला."

हेमराजने हात मागे घेतले. "मजुरी नको मले."

"मग?"

"बावीस वर्सं मागून राहिलो तुमाले. तेच द्या." आणि त्याने रोजच्यासारखा हात पुढे केला. "द्या बाई."

कंडक्टरने घंटी मारली. रोजचा प्रश्न सवयीने बाईंच्या जिभेवर आला. त्यांनी तो गिळला. वाडग्यातले पैसे दोन्ही हातांनी उचलून त्यांनी हेमराजच्या तळव्यावर ठेवले आणि काही विचारलं नाही. हेमराजने मूठ कपाळाला लावली.

"झालं," तो म्हणाला. मांडीवरची पिशवी त्याने बाईंच्या हातात दिली. "जा आता. बस जाईल."

बाईंनी तिकीट काढलं ते अशा थाटात की कंडक्टरला वाटावं बाई बसच विकत घेत आहेत. जांभळ्या साडीने त्यांच्यासाठी खिडकी सोडली.

कार्यालयात त्या पोचल्या तेव्हा नारळ देऊन झाला होता आणि साहेब घड्याळ बघत होते. बाई सरळ पुढे गेल्या. "दोन मिनिटं," त्या म्हणाल्या, आणि वीस मिनिटं वाचत राहिल्या. छत गळालं त्या पावसाळ्यात सगळं टपाल स्वतःच्या पदराखाली धरून तुळजाबाई तीन तास कशा उभ्या होत्या, ते वाचलं. इंग्रजी अक्षर न येता पाकिटाच्या रंगावरून त्या कागद कसे ओळखत आणि कुणाला नोकरीचं पत्र आलं तर ते टेबलावर न ठेवता धावत हातात नेऊन कसं देत, तेही वाचलं. शेवटच्या पानावर साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं. वाचून झालं तेव्हा सगळं कार्यालय उभं होतं. फक्त तुळजाबाई बसल्या होत्या, पुढच्या रांगेत, साहेबांच्या खुर्चीत, कारण साहेबांनीच त्यांना हाताला धरून तिथे बसवलं होतं. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि कुणी बघितलंच तर त्याच्यावर डोळे वटारत होत्या.

टाळ्या थांबल्यावर त्या उठल्या, पिशवीतून डबा काढला आणि बाईंच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. सगळे जमले. हा खेळ तिथे सगळ्यांना माहीत होता.

"सांगा बरं," तुळजाबाई म्हणाल्या.

बाईंनी डब्याकडे हात नेला. उचलून कानाशी धरला असता तर सांगता आलं असतं, त्या दिवशी त्यांना काहीही सांगता आलं असतं. पण हात अर्ध्या वाटेत थांबला आणि तसाच उताणा झाला.

"नाही ओळखत आज," चारुशीला कोठीवान म्हणाल्या, आणि त्यांनी तळवा पुढे केला. "द्या, तुळजाबाई."